रूममेटचे उपास काही संपेनात, काय करावं?

कडब्याची_पेंढी
नमस्कार. तीन वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यात मोबाईलवरून, तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सोडून द्या.

मी संभाजीनगरला एमएस्सी सेकंड इयरला आहे. बेगमपुऱ्यात तिघींनी मिळून रूम केलीय, मेसचा डबा लावलाय. गाव निलंग्याकडं. रूममेटपैकी एक आमच्याच भागातली, तिच्याबद्दल लिहायलेय, नाव नको, नुसतं ती म्हणते. फर्स्ट इयरला आली तेव्हा अंगानं भरलेली, खळखळून हसायची, धपाट्यावर लोणी घेऊन खायला बसली की बघणाऱ्याला भूक लागायची. वर्गातल्या पोरांनी रोडरोलर नाव पाडलं होतं आणि त्या नावावर सगळ्यात आधी तीच हसायची म्हणून आम्हाला वाटायचं हिला काही वाटत नाही.

उन्हाळ्यात तिला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, फोटो झाले, चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की मुलगी पसंत आहे पण सहा महिने थांबू, तेवढ्यात जरा बारीक झाली तर बघू. म्हणजे बैलबाजारच झाला की हा. तिच्या वडिलांनी तिथंच तोडलं, माणूस चांगला आहे, पण आई म्हणली ते काय चूक बोलले.

जूनमधी परत आली ती डाएटचं ॲप घेऊनच. आधी भात बंद, मग पोळी, मग रात्रीचं जेवणच बंद. पाच महिन्यांत ... किलो उतरलीय (आकडा नंतर काढला, का ते खाली वाचा). आणि अख्खं डिपार्टमेंट खूश. गॅदरिंगला साडी नेसली तर आमच्या मॅडम माईकवरून म्हणल्या की बघा, मनावर घेतलं की काय होतं. टाळ्या. रोडरोलर म्हणणारी पोरंच आता स्टेटसला हार्ट टाकायलीत.

आता उपासाचं. सोमवार, गुरुवार, शनिवार, वरून चतुर्थी आणि दोन एकादशा. त्यात मार्गशीर्ष चालू, म्हणजे गुरुवारी कुणी तोंड उघडायची सोयच नाही. आणि उपास म्हणजे आपला नाही हो, भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा, आपण उपासाला रोजच्यापेक्षा जास्त हाणतो. हिचा नुसता बिनदुधाचा चहा. ज्या दिवशी उपास नसतो त्या दिवशी जेवते, कधीकधी तर खूपच जेवते, आणि लगेच बाथरूममधी जाऊन नळ पूर्ण सोडते. संभाजीनगरमधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथल्यांना सांगायला नको, टाकीवर घरमालकीण डोळ्यात तेल घालून बसलेली असते, दोनदा वर येऊन बोलून गेली की पोरीहो पाणी कामून सांडायलात. आधी मला पण वाटलं आंघोळ करते. जेवल्यावर रोज आंघोळ कोण करतं.

पाळी चार महिने नाही. हात थंडगार. मागच्या आठवड्यात जिन्यात डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून बसली. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे रात्री दीड-दोनपर्यंत पांघरुणात स्वयंपाकाचे रील बघते, बिर्याणीचे, केकचे, आणि आम्हाला आग्रह करकरून खाऊ घालते.

एकदा मी डबा तिच्यापुढं ढकलला आणि म्हणलं खा, आत्ता, माझ्यासमोर. ती रडली, भांडण झालं, तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं. तिसरी रूममेट म्हणते तू जळतेस. खरं सांगू, थोडी जळत पण होते सुरुवातीला. आता भीती वाटायलीय. काय करू?

लातूरचा_लंबू
आमच्याकडं उलटं आहे, माझा रूममेट माझा पण डबा खातो. तुमच्या मैत्रिणीला उपासाचे क्लास घ्यायला पाठवा 😂

ढब्बू_मिरची
लंबू, पोरीला चक्कर यायलीय आणि तुला क्लास सुचायलेत. जरा थांबायचं बघ.

गोदाकाठ
राग येईल पण बोलतो. पोरगी जाड होती, बारीक झाली, शुगर-बीपीपासून वाचली. जिद्द आहे, कौतुकच करायला पाहिजे. पाळीचं एखाद्या लेडी डॉक्टरला दाखवा, एवढं काय त्यात.

बहात्तरचा_म्हातारा
माझं वय ६७. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. आई-वडील खडी फोडायला रोजगार हमीवर, आम्ही पोरं शाळेत सुकडीच्या रांगेत. घरात लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, ती भाकर गरम असताना गिळायची, गार झाली की दगड. खायला मिळालं नाही म्हणून रडलेली माणसं मी बघितलीत. ताट समोर असताना न खाणारी पिढी आत्ता बघतोय. याला आजार म्हणत नाहीत, चोचले म्हणतात. दोन दिवस खुरपायला पाठवा.

दातवाली
मी दातांची डॉक्टर आहे, जालन्यात. चोचले वगैरे तुमचं चालू द्या, मी जे बघते ते सांगते. कॉलेजची पोरगी येते, थंड पाणी सहन होत नाही म्हणते. आरसा आत घालून बघितलं तर वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू, जिथं जीभ लागते ती, गुळगुळीत झिजलेली. समोरून दात मोत्यासारखे. हे कोल्ड्रिंकचं नसतं, पोटातलं ॲसिड पुन्हापुन्हा वर आल्याचं असतं. कधी गालाच्या मागे कानाखाली गालगुंडासारखी सूज पण असते. मी सरळ विचारते, आई बाहेर बसलेली असेल तर दार लावून विचारते. दहापैकी आठ तर नाहीच म्हणतात पण एखादी रडते.

आणि कुणी ती वाचत असेल तर एवढंच की उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नको, ॲसिडनं मऊ पडलेलं वरचं कवच ब्रशनं आणखी खरवडून निघतं. पाण्यानं खळखळून चूळ भर. हे सांगणं म्हणजे त्याला परवानगी नाही बरं का.

रात्रपाळी
सायकियाट्रीचा रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितोय, चुकांना माफी.

पेंढी, पहिली विनंती, पोस्टमधला किलोचा आकडा काढून टाक. बाकीच्यांनी पण वजन, कॅलरी, किती दिवस जेवलो नाही असले आकडे इथं लिहू नका. हा आजार असलेलं माणूस असे धागे शोधून शोधून वाचतं, आणि आकडा दिसला की त्याला ती शर्यत वाटते, अमकीनं एवढं केलं तर मी का नाही.

आता तुझ्या मैत्रिणीला काय झालंय ते मी न तपासता सांगणार नाही. पण तू जे लिहिलंस ते नुसतं डाएट वाटत नाही. उपाशी राहणं, मधूनच ताबा सुटून खूप खाणं, मग ते बाहेर काढणं, हे चक्र आहे. असल्या चक्राला बुलिमिया हे नाव १९७९ साली जेरल्ड रसेल या डॉक्टरनं दिलं, ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणंच तोडणं, हे नाव त्याच्याही शंभर वर्षं आधीचं. आणि नुसतं ताबा सुटून खाणं, काही बाहेर न काढता, हा स्वतंत्र आजार म्हणून मानसिक आजारांच्या २०१३ च्या अमेरिकन यादीत आला. बुलिमियाचे बरेचसे पेशंट दिसायला अगदी चारचौघांसारखे असतात. ॲनोरेक्सियासुद्धा हाडाचा सापळा होईपर्यंत थांबत नसतो, आधी जाड असलेलं माणूस झपाट्यानं उतरून आता 'नॉर्मल' वजनावर आलं तरी आतून तेवढंच आजारी असू शकतं. म्हणजे गोदाकाठ, ज्याला तुम्ही जिद्द म्हणताय तेच लक्षण असू शकतं. मानसिक आजारांत जीव जाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्यांमधी ॲनोरेक्सिया येतो, हे मी घाबरवायला नाही सांगत.

चक्कर आणि उलट्या एकत्र आहेत ना, ते थांबायचं नाही. वारंवार उलटीनं रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि त्यानं हृदयाचे ठोके चुकतात. रक्त आणि ईसीजी, एवढं या आठवड्यात झालं पाहिजे, मन वगैरे नंतर बघू. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही ओपीडी एकाच आवारात आहेत. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

इंग्लंडात १९९९ मधी पाच प्रश्नांची एक चाळणी केलीय, आम्ही पण वापरतो. पोट फार भरल्यासारखं वाटलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का. किती खाल्लं यावर ताबा राहत नाही अशी काळजी वाटते का. तीन महिन्यांत साडेसहा किलोच्या आसपास उतरलीस का (हा एकच आकडा, मलाच माफ). लोक बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड समजतेस का. जेवण या विषयानं आयुष्य व्यापलंय का. दोनाला हो आलं तर तपासायचं. चौथा प्रश्न मला कायम खटकतो, कारण जो मुळात जाड आहे त्याला कोण बारीक म्हणणार, तो त्या चाळणीतून तिथंच खाली पडतो.

ढब्बू_मिरची
डॉक्टर, तो खाली पडलेला मीच. दहा वर्षं झाली म्हणून लिहू शकतेय. आता तासिका तत्त्वावर शिकवते.

नांदेडला बीएस्सीला होते. दिवसभर काही खायचं नाही, लोकांसमोर तर नाहीच, कारण जाड बाई खायला लागली की लोक घास मोजतात, लग्नात दुसरी जिलबी घेतली की मागून खुसफूस ऐकू येते, तुम्हा बारीक लोकांना हे कधी कळायचं नाही. रात्री रूमवर आल्यावर मात्र ग्लुकोज बिस्किटाचे पुडे, कपाटात ओढणीखाली लपवलेले, एक फोडला की चार संपेपर्यंत हात थांबायचा नाही, चव पण लागायची नाही, आणि मग सकाळपर्यंत स्वतःला शिव्या. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून पुन्हा उपाशी. असं तीन वर्षं. ताबा सुटायचा कारण दिवसभर उपाशी असायचे, हे साधं गणित मला कुणी सांगितलं नाही, मला वाटायचं मी हावरट आहे.

एकदा धीर करून एका डॉक्टरकडं गेले, म्हणलं खाण्याचा काहीतरी आजार झालाय मला. त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि हसले. म्हणले तुम्हाला? पुढं पाच मिनिटं चालण्याचे फायदे. गुडघा दुखला तरी वजन, घसा दुखला तरी वजन. त्यानंतर चार वर्षं मी कुठल्याच डॉक्टरकडं पाऊल टाकलं नाही, थायरॉईड बिघडलाय हे त्यामुळं उशिरा कळलं.

आणि पेंढी, ती सगळ्यात आधी हसायची ना, मी पण हसायचे. आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं जरा कमी लागतं.

पाणचक्की
मी एमए सायकॉलॉजी करतोय, ढब्बूताईंच्या पोस्टवरून आठवलं. हार्वर्डवाल्यांची एक ऑनलाईन चाचणी आहे, मनातले न बोललेले पूर्वग्रह मोजणारी. २००७ ते २०१६ मधल्या चाळीस लाखांवर चाचण्या एकत्र करून बघितल्या, अमेरिकेतल्या. वंश, त्वचेचा रंग, समलैंगिक माणसं यांच्याबद्दलचा आतला आकस त्या काळात कमी झाला. वजनाबद्दलचा मात्र कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढलाच. तोंडी विचारलं तर मात्र वजनाबद्दलचा आकस पण कमी झालाय असंच लोक सांगायचे. आपल्याकडं तर तोंडी पण लपवत नाहीत, बायोडाटामधी 'स्लिम' लिहितात आणि पाठवतात.

कारण असं सांगतात की वजन हे माणसाच्या हातात आहे असं आपण धरून चाललोय. काळ्याला कुणी गोरा हो म्हणलं तर निदान चार लोक टोकतील (टोकतील का? जाऊ द्या), जाडाला बारीक हो म्हणणं म्हणजे काळजीच समजतात.

गोदाकाठ
मी काळजीनंच बोललो होतो. बीएमआय नावाचं, वजन-उंचीच्या गणिताचं शास्त्र आहे की नाही काही?

पाणचक्की
आहे ना दादा, पण त्याची कुळकथा ऐका. ते गणित क्वेतले नावाच्या बेल्जियमच्या माणसाचं, १८३० च्या दशकातलं, तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि आकडेवारीवाला, त्याला 'सरासरी माणूस' काढायचा होता, एकेकट्या माणसाची तब्येत नाही. बीएमआय हे नाव दिलं अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं, आणि साल कुठलं माहितीय? १९७२. म्हणजे आजोबा तिकडं सुकडीच्या रांगेत उभे होते तेव्हाच.

आणि आजोबा, राग मानू नका, पण याच कीजनं आधी एक प्रयोग केला होता तो तुमच्यासाठी सांगतो. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात माणसं उपाशी मरत होती, त्यांना परत कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले. १९४४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर. त्यातले सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना स्वतःच्या दिसण्याची काही पडलेली नव्हती, कुणी रोडरोलर म्हणलेलं नव्हतं. तरी महिना-दोन महिन्यांत ती पोरं दुसरं काही बोलेनात, नुसतं खाणं. स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायला लागली, ताटं चाटायला लागली, उगीच चिडायची, एकटी बसायची. नंतर पोटभर द्यायला लागल्यावर काहींचं पोट भरलंय हे मनाला पटेनाच, खातच राहिली.

पेंढीच्या मैत्रिणीचे रात्रीचे बिर्याणीचे रील आणि तो आग्रह, हे तेच आहे. भूक आधी आणि वेड नंतर.

बहात्तरचा_म्हातारा
पाणचक्की बाळा, तुझं वाचून मी दोन तास काही लिहिलं नाही.

माझी आई १९९८ ला गेली. घरात तेव्हा सगळं होतं, बागायत झाली होती, मी नोकरीला. तिच्या मागं घर आवरताना उतरंडीच्या खालच्या गाडग्यात भाकरी सापडल्या. फडक्यात बांधून, वाळून कडंग झालेल्या, किती दिवसांच्या कुणास ठाऊक. बायको हसली होती तेव्हा, मी पण हसलो. म्हातारी रात्री उठून तिथं हात घालून बघायची असं नातू म्हणायचा, आम्ही त्याला गप बसवायचो. २६ वर्षं झाली होती हो दुष्काळाला.

पोरीला खुरपायला पाठवा म्हणलो ते मागं घेतो.

जिमचा_गडी
हे सगळं पोरींचं चाललंय असं वाटत असेल तर माझं पण ऐका. भरतीची तयारी करत तीन वर्षं इथं रूमवर होतो. एका डब्यात दोघं जेवायचो, सगळेच जेवतात, डब्याचे पैसे वाचतात, घरी सांगायचं मेस लावलीय. गावाकडून पैसे आले की त्या रात्री नुसता सुटायचो, एका बैठकीत खिमा, नान, वरून पाव किलो इमरती, आणि मग मध्यरात्री रस्त्यावर धावायला, घाम निघेपर्यंत नाही, चक्कर येईपर्यंत. त्याला सगळे मेहनत म्हणायचे. आधी गावात काडीपैलवान म्हणायचे म्हणून डबे खाल्ले पावडरचे, मग पोट दिसतंय म्हणून पाणी तोडलं. आरशात बघितलं की कायम काहीतरी कमीच. भरती झालो नाही ते वेगळं. आजार आहे असा विचार पण कधी आला नाही, आज धागा वाचून आला. पोराला कोण विचारतं जेवलास का नाही.

रात्रपाळी
गडी, पोरं येतच नाहीत आमच्याकडं, आली तर ॲसिडिटी म्हणून येतात. पैसे नाहीत म्हणून अर्धपोटी आणि पैसे आले की सुटणं, हे चक्र गरिबीतून पण सुरू होतं, त्याला आरसा लागतच नाही. अजून होत असेल तर दाखव कुणाला तरी.

मेसवाली_काकू
मुलगा टाईप करून देतोय मी सांगते तसं. उस्मानपुऱ्यात मेस आहे, सत्तर डबे जातात. मला पोरांच्या मनातलं डबा परत आला की कळतं. कुणाची भाजी परत येते, कुणाच्या पोळ्या, कुणाचा डबा चाटूनपुसून आणि कुणाचा धुऊन. धुऊन आलेला डबा मला आवडायचा, म्हणायचे पोरगी संस्काराची आहे. आता हे वाचून वाटायलंय की तिनं आतलं कुठं टाकलं ते दिसू नये म्हणून तर धुतला नसेल.

एक सांगायचंय, लाज वाटते पण सांगते. मागच्या वर्षी एक लेकरू यायचं मेसवर जेवायला, जाडसर, गोड. मी तिला सगळ्यांसमोर म्हणले, बाई तुला दोनच पोळ्या वाढते हं, लग्न व्हायचंय तुझं. मायेनं म्हणले हो. माझ्या पोरीला पण तसंच म्हणते मी. ती हसली, दोनच खाल्ल्या, उठली. पुढच्या एक तारखेला मेस बदलली तिनं. मी म्हणले पैसे वाचवायले असतील.

दातवाली
काकू, तुम्ही निदान लिहिलंत तरी. माझ्या आईला सांगायला गेले तर म्हणेल मी तुला असं कधी म्हणलेच नाही.

कडब्याची_पेंढी
सगळ्यांना एकदम उत्तर देते. आकडा काढला. डॉक्टर, तिला ओपीडीला न्यायचं कसं? मानसोपचार शब्द काढला तर ती रूम सोडून जाईल. आणि परवा वेळ अमावस्या आहे, शेतातल्या पूजेला आणि जेवणाला दोघी गावाकडं चाललोय.

रात्रपाळी
वजनाचा आणि जेवणाचा विषयच काढू नको. बारीक झालीस म्हणू नको, वाळलीस, हाडं दिसायलीत हे तर अजिबात नको, कारण आपल्याला ती काळजी वाटते पण त्या आजाराला ते बक्षीस वाटतं. जे डोळ्यांनी बघितलंस तेच बोल. तू जिन्यात बसलीस तेव्हा मी घाबरले, तुझे हात गार असतात, रात्री झोपत नाहीस. चकरेसाठी रक्त तपासू, मी सोबत येते. बस. नाही म्हणली तर चार दिवसांनी पुन्हा. तिथंच बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधड म्हणली तर मात्र तिच्या होकाराची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

गावाकडं आई प्रेमानं तूप-खीर भरवायला बसेल, तेही आवर. बरेच दिवस उपाशी शरीराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, युद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमधी असे मृत्यू झालेत. थोडं-थोडं, आणि तपासणीनंतर.

लातूरचा_लंबू
वेळ अमावस्येला थोडं-थोडं? भज्जी आणि आंबील समोर असताना? मला तरी जमणार नाही. (पहिल्या कॉमेंटबद्दल सॉरी पेंढी. खरंच.)

कडब्याची_पेंढी
सहा दिवसांनी येतेय, अपडेट.

शेतात गेलो, त्यांच्याच कोपीवर. कडब्याची कोप, समोर पांडव मांडलेले, पूजा झाली, सगळे गोल करून बसले. तिच्या मावशीनं लांबूनच हाक मारली, अगं बया, ओळखूच येईना, आता पाहुणे बोलवायला हरकत नाही. सगळे हसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि या वेळेस ती हसली नाही. वडिलांनी नुसतं ताट उचललं आणि तिच्याशेजारी येऊन बसले, काही बोलले नाहीत. बाजरीचा उंडा अर्धा मोडून स्वतः खायला लागले, अर्धा ताटात राहू दिला. तिनं भज्जीचे चार घास खाल्ले असतील. नंतर बांधाकडं निघाली, तर मी मागं मागं गेले आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच बोलले, जिना, गार हात, झोप. ती म्हणली तुला नळाचं माहितीय ना. मी हो म्हणले. मग आम्ही ज्वारीत बराच वेळ बसलो, ती काय काय बोलली ते इथं लिहीत नाही.

काल ओपीडीला गेलो, चकरेसाठी म्हणून. पोटॅशियम कमीच निघालं, औषध दिलंय, दोन दिवसांनी परत रक्त द्यायचंय. ईसीजी बघून मेडिसिनच्या मॅडमनी शेजारच्या ओपीडीत स्वतः नेऊन सोडलं. तिथं वजन करताना त्यांनी तिला काट्याकडं पाठ करून उभं केलं आणि आकडा कागदावर लिहून कागद उलटा ठेवला. रिक्षात ती म्हणली, आज पहिल्यांदा काट्यावरून उतरल्यावर कुणी काही बोललं नाही.

उपास सोडायला तयार नाही अजून. एवढी एकादशी झाल्यावर बघू म्हणते.

ढब्बू_मिरची
बघू म्हणली हे पण पुष्कळ आहे गं. मला 'बघू' म्हणायला चार वर्षं लागली.

गोदाकाठ
पेंढी, ईसीजी नीट आला ना?

कडब्याची_पेंढी
हो दादा, किरकोळ बदल आहेत म्हणल्या, पोटॅशियम भरलं की जातील.

मेसवाली_काकू
तिला माझा डबा पाठवू का आठ दिवस? पैसे नकोत. किती पोळ्या देऊ ते सांग.

कडब्याची_पेंढी
काकू, पोळ्यांचं नका विचारू, भाजी कुठली आवडते ते विचारा. दाळवांगं आवडतं तिला.

मेसवाली_काकू
बरं. उद्यापासून मुलगा आणून देईल. डबा परत येताना कसा आला ते मी उघडून बघणार नाही, तिला सांग.

लातूरचा_लंबू
काकू मला पण लावायचाय डबा, जागा आहे का?

मेसवाली_काकू
सध्या फुल आहे. एक तारखेला बघू. आणि एका डब्यात दोघं चालणार नाही, आधीच सांगते.